उको म्हणजे नाव

अन्याय झाला तो माझ्या मामेबहिणीवर. सोमवारी, दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी, भंडाऱ्याच्या एका सरकारी कार्यालयात, तीन नंबरच्या खिडकीवर. घड्याळ खिडकीच्या वरच टांगलेलं होतं, म्हणून वेळ पक्की सांगते. त्या मिनिटाला तिला सांगण्यात आलं की ती आंधळी नाही.

ती आंधळी आहे. सहा वर्षांची असताना ताप आला, तेव्हापासून. तिच्यासमोर कोणी ‘दिव्यांग’ म्हटलं की ती विचारते, “थे काय होते?” आणि समोरचा माणूस ओशाळतो. म्हणून मीही आंधळीच लिहिते. तिला चालतं, तर तुम्हाला न चालायला काय झालं?

खिडकीमागचा कारकून माझ्याच वयाचा असेल. त्यानं आधी संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं, मग तिच्या पांढऱ्या काठीकडे, मग पुन्हा पडद्याकडे. त्याला पडदाच जास्त खरा वाटला.

“ताई, अर्जात तं अस्थिव्यंग आहे,” तो म्हणाला. “तुमचे हातपाय तं बरोबर दिसून राहिले.”

“मी आंधळी आहे, साहेब. सर्टिफिकेट आणलं ना.”

“सर्टिफिकेट बरोबर आहे. पण सिस्टीममधी तुम्ही आंधळ्या नाही. जागा अंधाची आहे.”

“मंग सिस्टीमनं डोरे देले का मले? कधी देले? मले तं सांगतलं नाही.”

रांगेतले दोघे-तिघे हसले. कारकूनही हसला. हसणं झाल्यावर त्यानं तिच्या कागदांवर लाल शिक्का मारला. अपात्र.

जागा एकच होती. कंत्राटी लिपिक-टंकलेखक, अंध उमेदवारासाठी राखीव. ताई पस्तिशीला आलेली. वयाची अट पुढच्या भरतीपर्यंत तिला जेमतेम पुरणार होती. दिघोरीला मामाच्या घरी ती भाताच्या बांधीत उतरू शकत नाही, म्हणून तांदूळ निवडते. आंधळ्या बाईला तांदूळ निवडायला देणारं आमचं घर. पण ती बोटांनी खडा असा काढते की मामीला डोळ्यांनी जमत नाही. त्याच बोटांनी ती मराठी टायपिंगची परीक्षा पास झाली. साकोलीला माझ्याकडे राहून तिनं क्लास केला. क्लासवाले सर आधी नाही म्हणाले. मी तिथंच बाकावर बसून राहिले, तेव्हा हो म्हणाले.

खिडकीपाशी मी तिच्या शेजारी उभी होते. कारकुनानं आम्हाला अर्ज दाखवायला पडदा अर्धा वळवला, आणि मला अर्जाच्या संकेतस्थळाची निळी पट्टी दिसली. पट्टीच्या कोपऱ्यात व्हीलचेअरचं चित्र. ते संकेतस्थळ मी ओळखत होते. तीन महिन्यांपूर्वी मी ते तपासलं होतं.

हे माझं पोट भरायचं काम आहे. नागपूरच्या एका कंपनीसाठी मी साकोलीच्या खोलीत बसून संकेतस्थळं तपासते. आंधळ्या, बहिऱ्या, हात न चालणाऱ्या माणसाला ती वापरता येतात की नाही, हे बघायचं. यंत्राकडून एक तपासणी आधीच झालेली असते. पण यंत्राला एवढंच कळतं की चौकटीला नाव आहे. त्या नावाला काही अर्थ आहे का, हे त्याला कळत नाही. म्हणून माणूस लागतो. माऊस बाजूला ठेवायचा, टॅबचं बटन दाबत पुढं जायचं, आणि स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचणारं सॉफ्टवेअर, काय बोलतो ते कान देऊन ऐकायचं. मग तक्त्यात लिहायचं: उत्तीर्ण, अनुत्तीर्ण, लागू नाही.

त्या फॉर्मपुढं मी ‘उत्तीर्ण’ लिहिलं होतं. खाली तपासनीस म्हणून माझं नाव होतं.

परतीच्या एसटीत ताई खिडकीजवळ बसली. लाखनीला ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली, तेव्हा म्हणाली, “मी अंधचंच बटन दाबलं होतं वो. बोटानं वाचून दाबलं.”

“बोटानं म्हणजे?”

“अवो, थो फॉर्म मराठीत बोलतच नव्हता.”

मग तिनं सांगितलं. फॉर्म तिनं एकटीनं भरला होता. मागच्या वेळी दुकानात बसून भरून घेतला, तर दुकानदारानं स्वतःचाच मोबाइल नंबर टाकला. परीक्षेचा मेसेज त्याला गेला, आणि त्यानं तो बघितलाही नाही. या वेळी तिनं ठरवलं होतं, कोणाचे डोळे घ्यायचे नाहीत. मामा ‘मी वाचून देतो’ म्हणाला, त्यालाही नाही म्हणाली. शिवाय फॉर्मच्या शेवटी हमीपत्र होतं: वरील माहिती मी स्वतः भरली आहे. तिनं ते खरं धरलं. असल्या वाक्यांना खरं धरणारी माणसं अजून आहेत.

पहिल्याच चौकटीवर स्क्रीन रीडर म्हणाला, “उको.”

तिला वाटलं, मशीन बिघडली. पुन्हा ऐकलं. उको. मग एकेक अक्षर ऐकलं. यू. के. ओ.

“मंग काय झालं मालूम? मी मांडीवर बोटं मारून पाह्यली. यू म्हणजे उजव्या हाताचं पहिलं बोट वरती. के म्हणजे मधलं बोट जाग्यावर. ओ म्हणजे तिसरं बोट वरती. क्लासमधी हजार डाव मारलं थे. नाव.”

गाडी सुटली होती.

“पुढं एक्स के ओ. गाव. मंग टी के आर.” ती थांबली. “थे तं तुले सांगाले नको.”

टी के आर म्हणजे जात. आमच्या घरात ते कोणालाच सांगावं लागत नाही.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहिते. आपल्याकडे टायपिंगच्या क्लासात अजून जुने फॉन्ट शिकवतात. त्यात तुम्ही कळ दाबता ‘यू’ची आणि पडद्यावर दिसतो ‘न’. दिसतो फक्त. आतमध्ये संगणकाच्या लेखी तो ‘यू’च असतो, ‘न’चा नुसता मुखवटा घातलेला. तो फॉर्म बनवणाऱ्या कोणीतरी, बहुधा आपल्याच जिल्ह्यातल्या असल्याच एखाद्या क्लासातून बाहेर पडलेल्या ऑपरेटरनं, सगळी नावं तसल्या फॉन्टात टाइप करून चिकटवली. डोळ्याला सुंदर मराठी. कानाला कचरा. मुखवटा डोळ्यांसाठी असतो, कानाला त्याच्यामागचं तोंड ऐकू येतं.

आणि माझी बहीण त्या कचऱ्यातून मराठी शोधत बसली. मांडीवर बोटं वाजवत. पंचेचाळीस रकाने. मध्येच वेळ संपली म्हणून फॉर्म आपोआप बंद झाला, पुन्हा पहिल्यापासून. असं दोनदा. संपूर्ण महाराष्ट्र राज्यात त्या फॉर्मसाठी तिच्याइतकी पात्र टंकलेखिका नसेल, आणि तिला त्या फॉर्मनंच बाद केलं.

“मंग चूक कुठं झाली?” मी विचारलं. मला उत्तर नको होतं.

“थेच तं समजत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी साकोलीच्या खोलीत मी लॅपटॉप उघडला. ताई पलंगावर बसली होती, हातात चहा. मी फॉर्म लावला आणि वाचायला सुरुवात केली.

“तू पाहून राहिली,” ती म्हणाली.

“मंग?”

“पाहू नको. ओढणी टाक त्याच्यावर.”

मी ओढणी टाकली. टॅब दाबलं. उको, आवाज म्हणाला. टॅब दाबलं. काहीतरी तुटकं, ओंगळ. तीन चौकटींनंतर मी कुठं आहे ते मला कळेना. पाचव्या चौकटीवर मी ओढणी बाजूला सारली. ताई हसली नाही.

तीन महिन्यांपूर्वी नेमकं हेच मी ऐकलं होतं. ‘उको’ मला तेव्हाही ऐकू आलं होतं. पण मी पडद्याकडे बघत होते. डोळ्यांनी ‘नाव’ वाचलं आणि कानातलं ‘उको’ माफ करून टाकलं. का? कारण मला वाटलं, मशीनचं मराठी असंच असतं. फाटकं. इंग्रजी फॉर्ममध्ये असं काही ऐकू आलं असतं तर मी लाल खूण करून चार ओळी लिहिल्या असत्या. आपल्या भाषेच्या वाट्याला वाईट आवाजच येणार, हे मी इतकं गृहीत धरलं होतं की गुन्हा माझ्या कानात वाजला आणि मी ‘उत्तीर्ण’ लिहिलं. कॉलेजात असताना मी पत्रकं लिहायचे. विहाराच्या ओट्यावर बसून आम्ही ती छापायला द्यायच्या आधी मोठ्यानं वाचून बघायचो. कानाला खोटं वाटलं तर ओळ काढायचो. तेच कान घेऊन मी हे काम करत होते.

चूक कुठं झाली तेही सापडलं. ओढणी पुन्हा टाकली आणि ताईनं सांगितलं तसं खाली खाली उतरत गेले. वरच्या प्रत्येक रकान्यात आधी शब्द, मग चौकट. उको, चौकट. एक्स के ओ, चौकट. त्यामुळे कानाला सवय लागते: शब्द ऐकला की पुढचं आपलं. अपंगत्वाच्या प्रकारापाशी मात्र उलटं होतं. आधी गोल बटन, मग शब्द. बटन, अंध. बटन, अस्थिव्यंग. बटन, कर्णबधिर. आणि बटन नि शब्द एकमेकांना बांधलेले नव्हते. बटनावर गेलं की आवाज नुसता ‘बटन’ म्हणायचा. ताईनं अक्षरं सुट्टी करून ‘अंध’ ओळखलं, आणि त्याच्यानंतर आलेलं बटन दाबलं.

ते बटन अस्थिव्यंगाचं होतं.

“पहिलं बटन बिना नावाचं होतं,” ती म्हणाली. “मी म्हटलं, असल काही फालतू.”

शेवटी जी प्रत मिळाली तीही त्याच फॉन्टात, चित्रासारखी. तिला ती वाचता येणं शक्य नव्हतं. मामानं ती फाइलला लावली. अर्ज गेला, एवढं बघून तोही खूश होता.

मग मला त्या पानावरचं कोपऱ्यातलं व्हीलचेअरचं चित्र आठवलं. त्यावर बोट ठेवलं की अक्षर मोठं करायची सोय उघडते. पहिल्या पानावर लिहिलेलं आहे की हे संकेतस्थळ सर्वांसाठी सुलभ आहे. मी ते ताईला वाचून दाखवलं.

“अक्षर मोठं केलं तं मले दिसल का वो?”

“नाही.”

“मंग कोणासाठी करून ठेवलं?”

“माझ्यासाठी,” मी म्हटलं. खरंच होतं. ती खूण बघून आम्ही तपासणारे निम्मे निकाल मनातच देऊन टाकतो.

हरकत घ्यायला शुक्रवारपर्यंत मुदत होती. मी कंपनीत आमच्या प्रोजेक्टवाल्या सरांना फोन लावला. सांगितलं, माझा अहवाल चुकला आहे, तो मला मागं घ्यायचा आहे.

“मागं घ्यायचा म्हणजे?” सर म्हणाले. “सर्टिफिकेट जाऊन तीन महिने झाले. क्लायंटनं वेबसाइटवर लावलंही.”

“खोटं लावलं, सर.”

“खोटं नाही. तू पास केलंस. तुझी सही आहे.”

“म्हणूनच म्हणते. मी चुकले. लेखी देते.”

मग ते समजुतीच्या सुरात आले. तो सूर मला शिव्यांपेक्षा जास्त झोंबतो.

“हे बघ, पर्फेक्ट साइट कोणतीच नसते. आपण नियमांना धरून तपासतो. एखाद्या बाईचा फॉर्म चुकला, ते दुर्दैव आहे. तिला कोणीतरी मदत करायला पाहिजे होती. तू घरातली आहेस ना? तूच भरून द्यायचा होता.”

“मंग तुमची कंपनी कायले आहे?” माझ्या तोंडातून घरची बोली निघाली. नागपूरच्या फोनवर मी ती काढत नाही.

“तू टेस्टर आहेस,” सर म्हणाले. “कार्यकर्ती नाही. दोन्ही व्हायचं असेल तर दुसरीकडे हो.”

मी सांगितलं, विचार करून कळवते. विचार करण्यासारखं काही नव्हतं. मी लिहायला बसले.

पत्रक लिहिताना मी कधी अडखळत नाही. हे लिहिताना अडखळले, कारण आरोपी मीच होते. पहिल्या कच्च्या प्रतीत मी ‘तांत्रिक त्रुटी’ असं लिहिलं. ताईला वाचून दाखवलं.

“तांत्रिक कोण होय?” तिनं विचारलं. “त्याचं नाव काय?”

मी ते खोडलं. लिहिलं: हे संकेतस्थळ मी तपासलं. रकान्यांची नावं स्क्रीन रीडरला वाचता येत नाहीत, हे मला ऐकू आलं होतं. मी दुर्लक्ष केलं. अर्जदारानं ती साकोलीच्या क्लासात शिकलेल्या टायपिंगच्या कळा बोटांवर मोजून वाचली. अपंगत्वाच्या प्रकाराची बटनं कानानं ऐकून बरोबर निवडता येत नाहीत. या अर्जदारानं चूक केलेली नाही. चूक फॉर्मची आहे आणि ती पास करणारी माझी आहे. खाली सही केली. सोबत आवाजाचं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हमध्ये घातलं.

बुधवारी आम्ही दोघी पुन्हा भंडाऱ्याला गेलो. तीन नंबरवर तोच कारकून. त्यानं पत्र वाचलं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा तो ताईकडे नीट बघून बोलला.

“तुम्ही हे बोटावर वाचलं?”

“हो.”

“मी बी त्याच क्लासमधून आहो,” तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, “पण ताई, मी काही नाही करू शकत. आत द्या.”

आतले साहेब फोनवर होते. फोन झाल्यावर त्यांनी पत्राचा पहिला परिच्छेद वाचला आणि हमीपत्राचा कागद पुढं सरकवला. “माहिती मी स्वतः भरली असून ती अचूक आहे. यांनीच टिक केलं ना?”

“ती टिक करताना काय लिहिलं होतं ते यांना ऐकू येत नव्हतं,” मी म्हणाले. “उको ऐकू येत होतं.”

“काय?”

“उको. तुम्ही ऐकता का? रेकॉर्डिंग आहे.”

“त्याची गरज नाही. सर्टिफिकेट आहे आमच्याकडे. साइट तपासलेली आहे.”

“मीच तपासली आहे, सर. मीच सांगते आहे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की हा माणूस कागदावरच्या माझ्या सहीवर विश्वास ठेवतो, माझ्यावर नाही. सही तीन महिन्यांपूर्वीची होती, म्हणून खरी. मी आज समोर उभी होते, म्हणून संशयास्पद. ताईला अर्जात बघणाऱ्यांचं आणि मला अहवालात बघणाऱ्यांचं हे एकच कार्यालय.

“पेनड्राइव्ह इथं लावता येत नाही,” साहेब म्हणाले. “व्हायरसचं बघावं लागतं.”

मग ताई म्हणाली, “साहेब, तुमच्या संगणकात जाईन तं मी व्हायरस, अन् बाहेर राहीन तं अस्थिव्यंग. मी आंधळी कुठं होऊ, थे तेवढं सांगून द्या.”

साहेबांनी आवक-जावक टेबलाकडे बोट दाखवलं.

उत्तर अकरा दिवसांनी आलं. हरकत अमान्य. कारण: उमेदवाराने दिलेल्या हमीपत्रानुसार माहिती अंतिम. आणि त्याच पत्राच्या खाली, वेगळ्या ओळीत: अंध प्रवर्गातील पात्र उमेदवार उपलब्ध न झाल्याने पद रिक्त, फेरजाहिरात यथावकाश.

उपलब्ध न झाल्याने. ती दोनदा त्यांच्या खिडकीवर उभी होती.

कंपनीनं मला काढलं नाही. काम पाठवणं बंद केलं. काढलं असतं तर मला त्यावर पत्रक लिहिता आलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या एका संस्थेकडून मला थोडं काम मिळालं. तिथंही कोणी मागत नसताना मी पडदा झाकूनच तपासते. त्यामुळे दिवसाला निम्मीच पानं होतात, आणि त्यांचीही कुरकुर सुरू झाली आहे.

ताईनं मात्र रडगाणं गायलं नाही. दिघोरीला जाताना तिनं विचारलं, फेरजाहिरात म्हणजे किती दिवसांत? मी सांगितलं, माहीत नाही, पण वयात बसशील, एकदा. ती म्हणाली, मग मी सगळी बटनं पाठ करून ठेवते.

ती पाठ करून बसली आहे. पहिलं बटन अंध. दुसरं अस्थिव्यंग. पण उद्या कोणी त्या यादीत एक प्रकार वाढवला, क्रम बदलला, की तिचं पाठांतर तिला तिसऱ्याच अपंगत्वात नेऊन टाकील. संकेतस्थळ अजून तेच आहे. काल मी पाहिलं. चुकले, ऐकलं. उको.

मला तुमची हळहळ नको. ‘किती हुशार आहे हो ती’ हे तर अजिबात नको. तिची हुशारी फॉर्म वाचण्यात वाया घालवायला लागली, हाच तर गुन्हा आहे. तुम्ही शिक्षक असाल, ग्रामसेवक असाल, बँकेत असाल, पतसंस्थेच्या संचालक मंडळावर असाल, किंवा नुसते डोळे असलेले नागरिक असाल. तुमच्या कार्यालयाचा एक मराठी फॉर्म आजच उघडा. मोबाइलमध्ये मजकूर वाचून दाखवणारी सोय असते, ती चालू करा, डोळे मिटा, आणि पहिल्या रकान्यापासून शेवटच्या बटनापर्यंत भरून दाखवा. जिथं अडाल तिथं काय ऐकू आलं ते शब्द न बदलता कागदावर लिहा, खाली स्वतःचं नाव घाला, आणि तो कागद त्या कार्यालयाच्या प्रमुखाच्या हातात द्या. फेरजाहिरात निघायच्या आत द्या.